दोनशेवा चॅनल

आर्लीन सालोनेनच्या गराज सेलमध्ये
बर्फ काढायच्या फावड्याशेजारी पडला होता स्कॅनर,
पाच डॉलरची चिठ्ठी चिकटवलेला.
"तीस वर्षं नवरा ह्या डब्यापुढे बसला," ती म्हणाली,
"साऱ्या जगाचं ऐकलं, माझं तेवढं नाही."
चारला दिला. वर एक मफलर फुकट.

टू हार्बर्सला नोव्हेंबरात साडेचारलाच दिवस मिटतो.
औषधांच्या दुकानातून आले आणि डबा टेबलावर मांडला,
अँटेना खिडकीकडे, सरोवराच्या बाजूला.
सुरू केला तर नुसती खरखर.
मग स्क्वेल्चचं बटण हळूहळू फिरवलं,
दूध उतू जायच्या जरा अलीकडे गॅस बारीक करावा तसं.
खरखर जिथे नुकती थांबते, तिथेच सोडायचं.
आणखी पुढे गेलात
तर लांबून आलेलं हळू बोलणंही छाटलं जातं.
ही जागा पुस्तिकेत नाही. बोटांना सापडते.

दहा बँका, एकेकीत वीस चॅनल.
पुस्तिका म्हणते, आधी जुनं पुसा:
मॅन्युअल, चॅनलचा नंबर, शून्य, एंटर.
दोनशे वेळा.
एलमर सालोनेनने भरलेलं सगळं तसंच होतं आत.
म्हटलं, पुसण्याआधी ऐकून तर बघू.

पहिल्या बँकेत अग्निशामक दल:
कुणाच्या तरी चिमणीत आग,
मग आग नाही, ओव्हनमध्ये पाव जळलाय.
दुसरीत रेल्वे. खनिजाची गाडी धक्क्याकडे निघालीय,
डबे मोजून सांगणारा झोपाळू आवाज.
तिसरीत बोटी. एक कप्तान वारा किती ते विचारतो
आणि उत्तर आल्यावर बराच वेळ काही बोलत नाही.
चौथीत हवामानाचं यंत्र, ते दमत नाही, थांबत नाही,
स्कॅनर तिथेच अडकून बसतो.
लॉकआउट दाबून त्याला वगळलं.
असं बटण मला आमच्या एका मावससासूबाईंसाठी हवं होतं.

पाचवीपासून पुढे शून्यंच शून्यं,
आणि दहावीच्या अगदी तळाशी, दोनशेव्या चॅनलवर,
एकच आकडा: एकशे पंचावन्न दशांश एक नऊ पाच.
त्याच्यापुढे इवलासा पी. प्रायॉरिटी.
म्हणजे दर दोन सेकंदांनी
आग सोडून, बोट सोडून, गाडी सोडून
यंत्र तिथे डोकावून येणार.

तिथे कधीच कुणी नसायचं.
मी घरी यायची सहाला.

डिसेंबरात वादळ आलं, दुकान दोनलाच बंद केलं.
चार वाजून दहा मिनिटांनी
कप्तानाचं वाक्य मध्येच तोडून डब्याने दोनशेवर उडी मारली:
"चौदा नंबर. शेवटचं पोर उतरलं. बस रिकामी. परत येतेय."
कोवळा आवाज. नोकरीला नवीनच असावी.

पुढच्या आठवड्यात आर्लीन रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली.
मी सहज विचारलं, काय करायचात आपण?
"शाळेची बस. एकतीस वर्षं. चौदा नंबर."
मग पाकिटात नोटा शोधता शोधता म्हणाली,
"एलमरचं एक होतं हं.
मी दारात पाय ठेवायची तेव्हा कॉफी ओतलेली असायची, वाफेसकट.
बर्फ पडो, रस्ता बंद असो, दोन तास उशीर होवो.
कसं जमायचं कोण जाणे."

सुटे द्यायचे राहिले माझ्याकडून.
तिला दारापाशी गाठून दिले आणि म्हटलं,
मंगळवारी मला सुट्टी असते, घरी या.
मात्र चारच्या आधी.

रात्री डबा उलटा केला.
मागच्या खणात नऊ व्होल्टची बॅटरी,
एका टोकाला हिरवट फुललेली.
प्लग काढला की डब्याची सगळी आठवण हिच्या जिवावर.
वायर भिंतीतच ठेवली, जुनी काढली, नवी बसवली,
श्वास धरून.
डबा सरळ केला. दोनशे.
एकशे पंचावन्न दशांश एक नऊ पाच. पी.

कॉफी आणायला हवी.
आमच्याकडे चहाच असतो.